माजघरातले विमान

नंदुरबारला आगगाडी आहे, एस.टी. आहे, मिरचीचा मोठा बाजार आहे. विमानतळ मात्र नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळे होऊन आमचा जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी आली, इतरही पुष्कळ काही आले. विमान तेवढे आले नाही. असे असूनही गेले वर्षभर आमच्या माजघरातून रोज रात्री साडेआठला एक विमान सुटते. साडेआठलाच, कारण जेवणे आटोपून ताटे उचलल्याशिवाय विमान सोडायचे नाही, असा आमच्या सौ.चा दंडक आहे.

वैमानिक म्हणजे आमचा नातू. वय वर्षे सतरा, यंदा बारावीला. विमान अर्थातच संगणकाच्या पडद्यावरचे. पण त्याला कुणी खेळ म्हटले की स्वारी रागावते. "आजोबा, हा खेळ नाही, सिम्युलेटर आहे!" या एका शब्दापायी मी, तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस, पुन्हा विद्यार्थी झालो, आणि फी म्हणून सौ.च्या होऊ घातलेल्या पाटल्या गेल्या. ती हकीगत सांगतो. कुणाच्या घरी या दिवाळीत अशीच मागणी उभी राहिली असेल, तर त्यांच्या पाटल्या तरी वाचतील.

घरात आमच्या चिरंजीवांचा सहा-सात वर्षांपूर्वीचा संगणक होता. हिशेब आणि पत्रव्यवहार यांपलीकडे त्याला कधी कष्ट पडले नव्हते. नातवाने त्यावर फ्लाइटगिअर नावाचे फुकट मिळणारे सिम्युलेटर बसवले. चित्र साधे होते, पण विमान बऱ्यापैकी उडत होते. पुढे त्याने मायक्रोसॉफ्टचे २०२० साली निघालेले फ्लाइट सिम्युलेटर कुठेतरी पाहिले. त्यात सारी पृथ्वी छायाचित्रांवरून उभी केलेली आहे. "आजोबा, तापी दिसते! तोरणमाळचा डोंगर दिसतो!" झाले, त्या दिवसापासून घरातली शांतता संपली.

चिरंजीव म्हणाले, "पुढचे वर्ष बारावीचे. विमान परीक्षेवर कोसळेल." नातू म्हणाला, "मला वैमानिकच व्हायचे आहे." मी मध्यस्थी केली. पाटल्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे उचलले आणि नातवाला घेऊन एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारले, "बजेट किती?" मी शिक्षकी प्रामाणिकपणाने खरा आकडा सांगितला. त्याने त्या आकड्याला अगदी तंतोतंत बसणारे एक ग्राफिक्स कार्ड काढून दिले. "हे बसवा, विमान पळेल."

विमान पळाले नाही. सुरतेच्या धावपट्टीवर इंजिन सुरू केले, वेग घेतला, आणि नाक वर उचलताच सारा संगणक विझला! कारण पुढे कळले. जुन्या पेटीतला पॉवर सप्लाय कचेरीच्या कामापुरता होता. नव्या कार्डाची भूक त्याला भागेना. नवा पॉवर सप्लाय आणला. आता विमान उडाले, पण असे की जत्रेतल्या बायोस्कोपची आठवण व्हावी. धक्के खात, थांबत, पुन्हा उडी मारत. वळण घेतले की डोंगर जागच्या जागी गोठायचे. दर सेकंदाला पडद्यावर अठरा चित्रे येत होती. सिनेमाची फीत सेकंदाला चोवीस चित्रे दाखवते. विमान हाताला सुखाने वळायचे तर निदान तीस हवीत.

सौ. काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

मग मी वही घेऊन बसलो. आधी या यंत्राचे कुळ शोधले. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा गृहस्थ होता. बापाचा वाद्ये बनवण्याचा कारखाना. १९२९ साली त्याने ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच डुलणारे, कलणारे एक खोटे विमान बनवले. प्रथम लोकांनी जत्रेतली करमणूक म्हणून त्याच्याकडे पाहिले. १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचे काम आले, आणि वाईट हवेत, काळोखात कितीतरी तरुण मेले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. म्हणजे नातवाचे म्हणणे खोटे नव्हते. या वस्तूचा जन्म करमणुकीत झाला असेल, पण तिची किंमत कळली ती माणसे गमावल्यावर.

घरच्या संगणकावर हे विमान उतरवले ब्रूस आर्टविक याने. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याचे सिम्युलेटर विकायला काढले, तेव्हा त्याला ६४ किलोबाइट स्मृती पुरत असे. २०२० च्या सिम्युलेटरला कंपनीने शिफारस केली आहे ती १६ गिगाबाइटची, म्हणजे अडीच लाख पटींहून अधिक!

एवढी स्मृती कशाला? इथे मला आमच्या गावाने शिकवले. थंडीच्या दिवसांत नंदुरबारला या. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली असते, आणि शेकडो बाया ती निवडत, देठ खुडत असतात. गाडी आली की माल आधी काट्यावर जातो. तिथे मापाडी. त्याने वजन करून नोंद केली की माल पथारीवर. आता मापाडी एकटा असेल, तर तुम्ही निवडायला शंभर बाया लावा नाहीतर हजार. रांग काट्यापाशीच तुंबणार आणि बाया हात बांधून बसणार.

संगणकात मापाडी म्हणजे प्रोसेसर. वारा किती, पंखांवर भार किती, इंजिन काय म्हणते, आसपास दुसरी विमाने कुठे आहेत, याचा सारा हिशेब सेकंदाच्या तिसाव्या भागात त्याने पुरा करायचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे निवडणाऱ्या बाया: हजारो लहान हात, प्रत्येक हात एकेक ठिपका रंगवणारा. साध्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. फोर-के म्हणतात त्या पडद्यावर त्याच्या चौपट. रॅम म्हणजे काट्याजवळचे मोकळे आवार. ते लहान असेल तर माल पुन्हा पुन्हा गोदामात न्यावा-आणावा लागतो. गोदाम म्हणजे डिस्क. आणि मी काय केले होते? एका मापाड्यासाठी हजार बाया आणून बसवल्या होत्या!

ही शंका खरी की खोटी, हे पाहण्याची एक फुकटची परीक्षा आहे. ती प्रत्येकाने खिशात हात घालण्यापूर्वी करावी. पडद्यावरच्या चित्राचे मोजमाप कमी करायचे. आम्ही ते १,२८० गुणिले ७२० वर आणले, म्हणजे ठिपके निम्म्याहूनही कमी. बायांचे काम कमी झाल्यावर वेग वाढला, तर दोष कार्डाचा. आमचा आकडा अठराचा अठराच राहिला. दोष मापाड्याचा. मग नातवाने विंडोजमधले टास्क मॅनेजर उघडले. सहापैकी एक गाभा घामाघूम, बाकीचे जणू तंबाखू मळत बसलेले. कारण विमानाच्या हिशेबाचा मुख्य धागा एकच असतो आणि तो सर्वांना सारखा वाटून देता येत नाही. म्हणून या कामाला गाभे किती, यापेक्षा एकेक गाभा किती चपळ, हे आधी पाहावे. शिवाय आमची आठ गिगाबाइटची रॅम काठोकाठ भरलेली, आणि जुनी फिरती हार्ड डिस्क धापा टाकत होती. वळणावर डोंगर का गोठत होते, ते आता समजले.

आधी स्वस्त औषधे केली. आठ-आठ गिगाबाइटच्या दोन सारख्या पट्ट्या बसवल्या. एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन सारख्या बऱ्या, कारण आवाराला दोन फाटके मिळतात. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घेतली. या सिम्युलेटरला दीडशे गिगाबाइट जागा लागते. डोंगर गोठायचे थांबले. उरलेला दोष प्रोसेसरचा. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर बसेना, म्हणून तोही बदलणे आले. पैसे संपले होते. शेवटी ते मोठे कार्ड तोटा सोसून विकले, मधल्या प्रतीचे घेतले आणि उरलेल्या रकमेत ही खरेदी भागवली. तोट्याचा आकडा ऐकून सौ. एवढेच म्हणाली, "पाटल्या मोडल्या असत्या तर नुसती घडणावळ गेली असती." यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

पण आता पडद्यावर चाळीसच्या आसपास चित्रे येतात, आणि तीही महागड्या कार्डाच्या निम्म्या किमतीत.

आमच्याकडच्या हवेविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण खोक्यावर छापलेल्या अपेक्षा थंड देशातल्या असतात. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जीव वाचवण्यासाठी आपण होऊन मंद होतो. म्हणजे दुपारचे विमान रात्रीच्या विमानाहून हळू! यंत्र भिंतीला चिकटवू नये, मागे वीतभर जागा ठेवावी. आमच्या खिडकीतून हंगामात मिरचीची धूळ येते. महिन्याने पेटी उघडून पंख्यावर हवा मारली, तेव्हा सारे घर शिंकत अंगणात धावले होते. यूपीएसचीही एक गोम आहे. खोक्यावर ६०० व्हीए लिहिलेले असते, पण तेवढे वॅट मिळत नाहीत. अशा यूपीएसची ताकद पुष्कळदा ३६० वॅटच असते. नवे यंत्र घेताना ही बेरीज आधी करावी.

जगाची छायाचित्रे घरच्या डिस्कवर मावण्यासारखी नसतात. ती उडता उडता तारेवरून येतात. त्यासाठी सेकंदाला २० मेगाबिटची जोडणी सुचवलेली आहे. लाईन तुटली की खालचे गाव पुसट होते. २०२४ च्या नोव्हेंबरात निघालेल्या नव्या आवृत्तीत तर आणखी पुष्कळ माल तारेवरूनच येतो. म्हणून तिला डिस्कवर ५० गिगाबाइट पुरतात, पण स्मृती निदान १६ आणि सुचवलेली ३२ गिगाबाइट. नव्याच्या मागे लागण्यापूर्वी हा हिशेब घरात मांडावा. हाताशी मूठ पिळता येणारी एक साधी जॉयस्टिक असली की पायाच्या पेडलांवाचून चालते.

चिरंजीवांचा खरा प्रश्न राहिला: याने पोरगा वैमानिक होईल का? मी खरे तेच सांगितले. व्यावसायिक परवान्याला खऱ्या आकाशातले २०० तास लागतात. माजघरातला एकही तास त्यात धरला जात नाही. पण नकाशा वाचणे, वाऱ्याचा कोन मोजणे, यादी पाहिल्याशिवाय इंजिनाला हात न लावणे, हे तो शिकला आहे. त्रिकोणमितीला पूर्वी जांभया देणारा मुलगा आता साइन-कोसाइन स्वतःहून काढतो. चिरंजीवांनी एवढ्यावर तह केला.

आता शेवटची गोष्ट. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नातवाने आजीला खुर्चीवर आणून बसवले. तिचे माहेर तळोद्याचे. अक्राणीच्या डोंगरात अस्तंभ्याची यात्रा दिवाळीतच भरते. डोंगरावर अश्वत्थाम्याचे ठाणे आहे अशी श्रद्धा. लहानपणी ती वडिलांचे बोट धरून दोनदा गेली होती. आता गुडघे जिना चढू देत नाहीत, तिथे तेराशे मीटरहून उंच डोंगर कुठला?

विमान सुरतेहून निघाले. तापीच्या कडेकडेने, उकाईच्या पाण्यावरून, पाऊण तासात नंदुरबार. आमचे घर दाखवले. यंत्राने अंदाजाने उभे केलेले, गच्चीच्या जागी उतरते छप्पर. सौ. हसली. पुढे प्रकाशे, तापी-गोमाईचा संगम. मग उत्तरेला वळून सहा हजार फुटांवर अस्तंभा. मावळतीचे ऊन होते. नातवाने डोंगराला सावकाश फेरी घातली. एकही धक्का नाही. सौ. पडद्याजवळ सरकली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

मग तिने विचारले, "आणि माणसे कुठे आहेत? आज तर डोंगरभर मशाली दिसायला हव्यात."

नातू म्हणाला, "आजी, यात डोंगर आहे, यात्रा नाही."

"मग अजून काहीतरी कमीच आहे रे तुझ्या यंत्रात," ती म्हणाली, आणि पणत्या लावायला उठली.

नातवाने ते मनाला लावून घेतले असावे. यंदा धनत्रयोदशीला तो मित्रांबरोबर पायी अस्तंभ्याला निघाला आहे. आजीने त्याच्या पिशवीत तेलाची बाटली आणि दशम्या बांधून ठेवल्या आहेत. त्या रात्री साडेआठचे विमान रद्द.