टिकटिक कोणाच्या कानात?

घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या आसपासच्या सोसायट्यांत गणेशोत्सवाची एक संध्याकाळ जुन्या गाण्यांसाठी राखलेली असते. आमच्याकडेही असते. पूर्वी की-बोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि गाणारे रहिवासी एवढाच संच असे. पुढे लॅपटॉप आला आणि व्हायोलिनचा ताफा, सनई, बासरी हे सारे ट्रॅकमधून मिळू लागले. वादकांची लय ट्रॅकशी जुळावी म्हणून ढोलकीवाल्या काकांच्या कानात ठरावीक गतीची टिकटिक, म्हणजे क्लिक, सोडायची असे ठरले.

लॅपटॉपवर मी बसलो होतो. हेडफोनच्या एकाच भोकातून डाव्या बाजूला ट्रॅक आणि उजव्या बाजूला क्लिक, अशी सोय केली होती. मध्यंतरानंतर मिक्सरवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या आणि लावणीच्या ऐन भरात ती टिकटिक सगळ्या मांडवाने ऐकली. काकांनी हात उचलला. लोक हसले. पुढच्या वर्षी समितीने ठरवले, वादक नकोत, नुसत्या ट्रॅकवर गाऊ. काका तिसऱ्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसले.

ही चूक कशाने झाली याचा शोध घेताना मी ऑडिओ इंटरफेस नावाच्या लहानशा डब्यापर्यंत पोहोचलो. मी ध्वनिशास्त्र कुठे शिकलेलो नाही. माहितीपुस्तिका वाचून, साऊंडवाल्यांच्या मागे उभे राहून आणि चुका करून जे कळले ते इथे मांडतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी. मिडी म्हणजे ध्वनी नव्हे, तर ध्वनीविषयीची सूचना : कोणता स्वर, किती जोराने, कधी सुरू, कधी बंद. भातखंड्यांनी स्वरलिपीत लिहिलेली बंदिश आणि त्याच बंदिशीची ध्वनिमुद्रिका यांत जो फरक आहे, तोच इथे. 1983 साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून ही लिपी ठरली. एका तारेवर सोळा वाहिन्या, स्वराच्या जोरासाठी 127 पर्यंत आकडे आणि सेकंदाला 31,250 बिट एवढाच वेग. आपल्या ऑर्केस्ट्रांत घरचा झालेला ऑक्टोपॅडही याच लिपीचे अपत्य. 1985 च्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. त्यावर काठी पडली की तो दुसऱ्या यंत्राला फक्त सूचना पाठवी.

ट्रॅकसाठी मिडीची गरज किती? लॅपटॉपने गाण्यागणिक की-बोर्डचा आवाज आपोआप बदलावा किंवा दुसऱ्या यंत्राची लय ट्रॅकशी बांधावी, असे हवे असेल तरच. आजचे बहुतेक की-बोर्ड यूएसबीच्या तारेनेही मिडी बोलतात. पाच पिनांचे जुने गोल भोक असलेली वाद्ये असतील तर मात्र इंटरफेसवर तशी भोके आहेत का, हे पाहून घ्यावे.

खरा प्रश्न ऑडिओचा, आणि त्यातही बाहेर जाणाऱ्या वाटांचा. दुकानात आपण पहिल्यांदा विचारतो ते किती माइक लागतील. ट्रॅकच्या कामाला हा प्रश्न उलटा आहे. गाणाऱ्यांचे माइक थेट मिक्सरला जातात, त्यामुळे आत येणाऱ्या वाटा आपल्याला जवळजवळ लागतच नाहीत. बाहेर मात्र चार हव्यात : दोन ट्रॅकच्या डाव्या-उजव्या बाजूंसाठी, तिसरी क्लिकसाठी आणि चौथी राखीव, म्हणजे 'एक-दोन-तीन-चार' अशा तोंडी सूचनेसाठी किंवा दुसऱ्या वादकाला वेगळे मिश्रण देण्यासाठी. अनेक डब्यांच्या नावातच हा हिशेब असतो. 'टू-आय-टू' म्हणजे आत दोन, बाहेर दोन. 'फोर-आय-फोर' म्हणजे आत चार, बाहेर चार. मोठे आकडे पाहताना जपावे, कारण त्यांत डिजिटल वाटाही मोजलेल्या असू शकतात. आणि हेडफोनचे भोक स्वतंत्र आहे की पहिल्या दोन वाटांचीच नक्कल आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन वाटांत काम होतच नाही, असे नाही. डावीकडे ट्रॅक, उजवीकडे क्लिक ही युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. ट्रॅक एकपदरी होतो, पण मांडवात ते कोणाच्या ध्यानात येत नाही. धोका एवढाच की सगळी भिस्त एका तारेवर आणि मिक्सरवरच्या एका बटणावर राहते. क्लिकची तार थेट वादकाकडेच गेली आणि मिक्सरला लागलीच नाही, तर आमच्यासारखी फजिती होण्याची वाटच बंद होते.

दुसरा गैरसमज विलंबाचा. लॅपटॉप ध्वनीचे नमुने थोडे थोडे साठवून पुढे सोडतो. या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुने असतील तर 256 चा बफर सुमारे 5 मिलिसेकंद खातो, 1024 चा सुमारे 21. हवेत ध्वनी मिलिसेकंदाला साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे 21 मिलिसेकंद हे सात मीटर दूर बसलेल्या वादकाइतके अंतर. लॅपटॉपमधला पियानो प्रत्यक्ष वाजवायचा असेल तर हे अंतर बोटांना जाणवते, तेव्हा बफर लहान हवा. नुसता ट्रॅक सोडायचा असेल तर ट्रॅक आणि क्लिक दोघेही सारखेच उशिरा निघतात, वादकाला काही कळत नाही. उलट मोठा बफर ठेवला की लॅपटॉप दमून मध्येच कडकड करण्याची भीती कमी होते. कमी विलंबासाठी जादा पैसे मोजणारे किती तरी जण मी पाहिले. त्यांना त्याची गरज नव्हती.

तिसरी गोष्ट घूं-घूं. आपली वीज 50 हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणांहून अर्थिंग घेत असले की त्यांच्यामधल्या फेऱ्यातून ही घरघर स्पीकरमध्ये उतरते. चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर दोष तिथेच. उपाय म्हणजे मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स. तार लांब असेल तर तीन खंडांच्या जॅकची बॅलन्स्ड तार वापरावी. तिच्या दोन वाहकांत एकच ध्वनी उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाट मिक्सरमध्ये वजा होतो. चार्जरची अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय काही जण सुचवतात. पावसाळी मांडवात तो जिवावर बेतू शकतो.

गेल्या वर्षी चार वाटांचा डबा आणला आणि काकांना बोलावले. एका कानात क्लिक, दुसरा कान मोकळा. तालमीला ते म्हणाले, "लावणी नेहमी थोडी चढते हो. ही टिकटिक माझ्याबरोबर चढत नाही." ते खरेच होते. ठोका कायम ठेवणे हेच क्लिकचे काम. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला गाणाऱ्याच्या मागे थांबत, ट्रॅक थांबत नाही. कोणताही इंटरफेस ही उणीव भरून काढत नाही.

मग आम्ही गाण्यांची वाटणी केली. व्हायोलिनच्या ताफ्याशिवाय उघडी पडणारी गाणी ट्रॅकवर, काकांच्या कानात क्लिक देऊन. लावण्या आणि भारुड मात्र लॅपटॉप बंद ठेवून. त्या वेळी मी मिक्सरकडचे फेडर खाली केले आणि खुर्चीत टेकलो. ढोलकी चढत गेली, गाणारी तिच्यामागे गेली, की-बोर्डवाला दोघांकडे पाहत राहिला.

यंदा समितीने वादकांच्या मानधनाची तरतूद पुन्हा सुरू केली आहे. रक्कम थोडी आहे. डबा घेताना मात्र मी एवढेच सांगतो : आधी मंचावर कोणकोण माणसे बसणार ते मोजा, मग बाहेर जाणाऱ्या वाटा मोजा.