घाटकोपरचा धनी कोण?

१३ मे २०२४. वादळी वाऱ्यात छेडानगरचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ जणांचा जीव गेला. पालिकेच्या नियमात ४० बाय ४० फुटांपेक्षा मोठं होर्डिंग बसत नाही. हे १२० बाय १२० फुटांचं होतं. पालिकेनं सांगितलं, आमची परवानगीच घेतलेली नव्हती. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगीही त्यांचीच. नियम एकाचा, जागा दुसऱ्याची आणि मरण तिसऱ्याचं.

घाटकोपरमध्ये फिरलात तर हीच वाटणी पावलोपावली दिसते. नळ, कचरा आणि गल्लीतला खड्डा पालिकेच्या एन विभागाकडे. पंतनगरची वसाहत म्हाडाची. झोपडपट्टीच्या पुनर्विकासाचा कागद 'एसआरए'कडे. छेडानगरचे उड्डाणपूल 'एमएमआरडीए'नं बांधले. तुम्ही ज्याला मत देता तो नगरसेवक यांतल्या फक्त पहिल्या खात्याबद्दल सभागृहात जाब विचारू शकतो. बाकीच्या यंत्रणा राज्य सरकारच्या.

आता खुद्द पालिका पाहू. मुंबईचा कायदा १८८८चा, ब्रिटिशांच्या काळातला. कारभाराची सूत्रं आयुक्ताच्या हाती आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. महापौर सभा चालवतो, शहराच्या वतीनं पाहुण्यांचं स्वागत करतो. पण आदेश काढत नाही. १९९३मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यासोबत बारावी अनुसूची आली, पालिकांकडे सोपवण्याजोग्या १८ विषयांची. मात्र मेख शब्दांत आहे: राज्य विधिमंडळ हे अधिकार 'देऊ शकेल'. द्यायलाच हवेत, असं नाही.

म्हणून राज्यागणिक चित्र वेगळं. कोलकात्यात १९८०च्या कायद्यानं महापौर आणि त्याचं मंडळ मंत्रिमंडळासारखं कारभार पाहतं. मुंबई आणि नागपुरात १९९८मध्ये तसा प्रयोग झाला, पण तो फार टिकला नाही. २०२२च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच सर्वेसर्वा होता. स्थायी समिती नाही, सभागृह नाही. प्रश्न विचारायचा कुणाला, हाच प्रश्न.

असमान वाटप हे मुळात पाप नव्हे. आपल्या घटनेतच ते आहे. कलम ३७१ (अ) प्रमाणे नागालँडच्या रूढी आणि जमिनीबाबत संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे विदर्भ आणि मराठवाड्यासाठी कलम ३७१ (२) आहे; त्यातून १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळं आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मागासलेल्याला जास्तीचा आधार, वेगळेपणाला वेगळी चौकट, हे समजण्यासारखं आहे.

ब्रिटननंही तेच केलं. १९९९मध्ये स्कॉटलंडला कायदे करणारी संसद मिळाली, वेल्सला सुरुवातीला त्याहून कमी अधिकार, इंग्लंडला स्वतंत्र संसद नाहीच. स्कॉटलंडचे खासदार इंग्लंडच्या शाळा-इस्पितळांवर मत देणार, पण इंग्लंडचे खासदार स्कॉटलंडच्या शाळा-इस्पितळांवर नाही, हा पेच टॅम डॅलियल यांनी १९७७मध्येच मांडला होता. तिथे निदान वाद तरी उघड्यावर आहे. कुणाकडे काय आहे, हे मतदाराला ठाऊक असतं. लंडनचा महापौरही २०००पासून थेट लोकांकडून निवडला जातो.

आपली अडचण अधिकार कमी-जास्त असण्याची नाही, ते कुणाकडे आहेत हे न कळण्याची आहे. परवानगी देणाऱ्याला मत मागायला यावं लागत नाही आणि मत मागणाऱ्याच्या हाती परवानगी नसते. महापौराला कारभाराचे अधिकार द्यायचे की नाही, यावर वाद घालता येईल. पण होर्डिंग, पूल किंवा पुनर्विकास, ज्याची सही त्याचंच उत्तर, एवढा नियम तरी व्हायलाच हवा. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की गटाराआधी एवढंच विचारा: या वस्तीतल्या कोणत्या कागदावर तुमची सही चालते?