स्वमग्नता समजून घेताना (लेखांक ६) : गोळी, आठवडे आणि आईवरचा आरोप

मागच्या लेखांकात जनुकांचा वाटा पाहिला. तो मोठा आहे. मग उरलेल्या वाट्यात काय येतं? आईनं काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं, कोणता ताप अंगावर काढला? यावर सल्ले देणारे पैशाला पासरी, भक्कम पुरावा मात्र मोजका. त्यातला एक उत्तम नमुना नॉर्वेत सापडतो.

तिथे २००२ ते २००८ दरम्यान जन्मलेल्या ८५,१७६ मुलांचा माग पॉल सुरेन आणि सहकाऱ्यांनी घेतला. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आयांकडून प्रश्नावल्या गरोदरपणातच भरून घेतल्या होत्या, त्यामुळे निदान झाल्यावर जुन्या आठवणी उकरण्याची वेळ आली नाही. गरोदरपणाच्या आधीचे चार आणि सुरुवातीचे आठ आठवडे या काळात फॉलिक आम्ल घेतलेल्या ६१,०४२ जणींच्या मुलांपैकी ६४ मुलांत ठळक लक्षणांची स्वमग्नता आढळली. न घेतलेल्या २४,१३४ जणींच्या मुलांत ५०. म्हणजे हजारी एक आणि हजारी दोन.

पण आठवणीनं गोळ्या घेणाऱ्या बायका शिकलेल्या, तब्येत सांभाळणाऱ्या. फरक त्याचाच नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे, आणि संशोधकांनी तिची जी सोय लावली ती दाद देण्यासारखी. माशाचं तेल घेणाऱ्या बायकाही साधारण त्याच वर्गातल्या. त्यांच्या मुलांत असा फरक दिसला नाही. गरोदरपणाच्या मध्यावर, बाविसाव्या आठवड्याच्या सुमारास फॉलिक आम्ल घेण्याशीही संबंध दिसला नाही. तरीही हा निरीक्षणातला संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. गोळी न देता प्रयोग करून पाहणं तर शक्यच नाही, कारण बाळाच्या मणक्यातला जन्मदोष तिनं बऱ्याच अंशी टळतो हे १९९१पासून पक्कं ठाऊक आहे.

हा दोष गर्भाची मज्जानलिका नीट न मिटल्यानं होतो, आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आपल्याकडे आशाताईकडे नाव नोंदवून गोळ्या हातात पडेपर्यंत ती वेळ बहुधा टळलेली असते. शिवाय लोहाच्या लाल गोळीनं मळमळतं, शौचाला खडा होतो, म्हणून सगळ्याच गोळ्या फडताळात जातात. बिचाऱ्या फॉलिक आम्लाचा त्यात काही दोष नसतो. पालक, मेथी, चवळी, मूग यांत फोलेट, म्हणजे त्याचंच नैसर्गिक रूप, असतं खरं, पण भाजी उकडून पिळली की बरंचसं पाण्याबरोबर मोरीत जातं.

औषधांत फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटचं नाव ठळक आहे. डेन्मार्कमध्ये गरोदरपणी ते घेतलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण ४.४ टक्के निघालं, एकूण मुलांत १.५. संसर्गांत रुबेला: १९६४च्या अमेरिकी साथीनंतर न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी तपासलेल्या, आईच्या पोटातच बाधा झालेल्या २४३ मुलांपैकी १८ जणांत पूर्ण किंवा अंशतः स्वमग्नता होती. लसीमुळे स्वमग्नता येते असा खोटा आळ घेणारे हा आकडा सोयीनं विसरतात. रुबेला टाळते ती लसच.

आता नॉर्वेचा तोच आकडा उलटा वाचा. गोळी न घेतलेल्या हजार आयांपैकी ९९८ जणींच्या मुलांना ही स्वमग्नता नव्हती. घेतलेल्या ६१,०४२ जणींपैकीही ६४ जणींच्या मुलांना होती. तेव्हा स्वमग्न मुलाच्या आईला 'तू गोळ्या घेतल्या नसशील' असं ऐकवण्याचा अधिकार कोणालाच नाही. मूल हवं असेल तर फॉलिक आम्लाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावं. फिट्सवर व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तेही तेव्हाच सांगावं. ते परस्पर बंद करणं आईच्या जिवावर बेतू शकतं.