पेशीबाहेर वाचलेला विषाणू

पोलिओच्या विषाणूचा आरएनए सुमारे ७,५०० अक्षरांचा. त्यावरून प्रथिने घडायला जिवंत पेशीच हवी असे नाही, पेशी फोडून काढलेला अर्कही पुरतो. रायबोसोम, अमिनो आम्ले, ती वाहून आणणारे छोटे आरएनए आणि ऊर्जा एवढे त्यात असले की काम सुरू होते. यासाठी सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा अर्क फार वापरला जातो. अडचण एवढीच, की त्यात हिमोग्लोबिनचा आरएनए भरपूर असतो आणि त्यावरूनच प्रथिने बनत राहतात. १९७६ मध्ये पेलहॅम आणि जॅक्सन यांनी त्यावर नामी उपाय काढला. आरएनए तोडणारे, पण कॅल्शियमशिवाय न चालणारे विकर अर्कात सोडायचे आणि काम झाले की ईजीटीए हे रसायन घालून कॅल्शियम बांधून टाकायचे. विकर तिथेच थंडावते. मग विषाणूचा आरएनए आणि किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनिन घालून अर्क उबदार ठेवायचा. नवी प्रथिने तेवढी एक्स-रे फिल्मवर काळ्या पट्ट्यांनी उमटतात. अर्कातली जुनी दिसतच नाहीत.

हे सगळे कृत्रिम आहे, खऱ्या पेशीत असे घडत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खराच आहे. सशाच्या अर्कात पोलिओच्या आरएनएवर बरेच रायबोसोम भलत्याच ठिकाणी, पार आत सुरुवात करतात. पण माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल याच चुकीत आहे. त्याच अर्कात माणसाच्या हेला पेशींचा अर्क मिसळला की चुकीची सुरुवात घटते. म्हणजे विषाणूला योग्य जागी वाचायला यजमान पेशीची काही प्रथिने लागतात आणि ती सशाच्या अर्कात अपुरी आहेत. ‘ला’ नावाचे प्रथिन त्यांपैकी एक, हे १९९३ मध्ये दाखवले गेले. धडधाकट हेला पेशीत सगळेच मुबलक असल्याने ही गरज सहजी नजरेत आली नसती.

प्रथिने घडली म्हणजे विषाणू घडला का, ही शंकाही रास्त होती. १९९१ मध्ये मोल्ला, पॉल आणि विमर यांनी केंद्रके काढून टाकलेल्या हेला अर्कात नुसता पोलिओचा आरएनए घातला. त्यावरून एक लांबलचक प्रथिन बनले, विषाणूच्याच विकरांनी त्याचे तुकडे केले, आरएनएच्या नव्या प्रती निघाल्या आणि शेवटी संसर्ग करू शकणारे विषाणू तयार झाले. विषाणूकडून आरएनएखेरीज काहीच आणावे लागले नाही. अर्थात, पोलिओ मज्जारज्जूतल्या चेतापेशींनाच का गाठतो, हे परीक्षानळीतल्या अशा अर्कातून कळणार नाही. त्यासाठी अख्खे शरीरच तपासावे लागते.