पडद्यामागचं शिक्षण – भाग ६ : प्रयोग चालवणाऱ्याची वही

गेल्या आठवड्यात आपण प्रकाशयोजनेच्या शिक्षणाबद्दल बोललो. प्रकाश कुठे बदलायचा ते दिग्दर्शक सांगतो आणि कसा बदलायचा ते प्रकाशयोजनाकार ठरवतो. प्रयोगाच्या रात्री ‘आता!’ म्हणणारा मात्र तिसराच माणूस असतो. त्याला रंगमंच व्यवस्थापक म्हणू. त्याचं पदव्युत्तर शिक्षण कसं असतं आणि नंदुरबार, शहादा, नवापूरच्या पदवीधराला ते कसं गाठता येईल, हे या भागात पाहू.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ हे नाटक ऑक्टोबर १९६२मध्ये दिल्लीत रंगमंचावर आलं. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचं होतं. प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका आणि फिरता रंगमंच यांबद्दल आजवर भरपूर लिहिलं गेलंय. आपण तोच प्रयोग विंगेतून पाहू. समोर कोर्ट चालू आहे. साक्षीदार बोलता बोलता जुना प्रसंग उभा राहणार आहे आणि त्याची मांडणी रंगमंचाच्या मागच्या भागात तयार हवी. नटाला एक वेश उतरवून दुसरा चढवायचाय, टोप बदलायचाय, चालण्याची ढबही बदलायचीय. अंधार होतो, रंगमंच फिरतो, उजेड येतो. नट जागेवर पोचण्याआधी रंगमंच फिरला, तर प्रेक्षकांसमोर रिकामी खोली येईल. उशिरा फिरला, तर थिएटरात खोकण्याचे आवाज सुरू होतील. वेशवाला, रंगमंच फिरवणारे, प्रकाशवाला आणि नट या सगळ्यांना एकाच क्षणावर आणणं ही स्वतंत्र विद्या आहे. ती हातोटीने येते हे खरं, पण ती शिकवताही येते.

शिकवणी सुरू होते एका वहीपासून. तिला प्रॉम्प्ट बुक म्हणतात. एका पानावर संहिता चिकटवायची, समोरच्या पानावर नटांच्या हालचाली लिहायच्या आणि समासात क्यू, म्हणजे कोणता बदल नेमका कधी करायचा त्याच्या खुणा. संहितेतल्या नेमक्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून ती समासापर्यंत न्यायची आणि तिथे लिहायचं : प्रकाश १४, ध्वनी ९. पेन्सिलच का, तर तालमीत दर दिवशी काहीतरी बदलतं. तो शब्द येण्याच्या अर्धं पान आधी हेडफोनवरून सूचना जाते, ‘प्रकाश चौदा, ध्वनी नऊ, स्टँडबाय.’ दोन्हीकडून होकार येतो. मग शब्द येतो आणि व्यवस्थापक म्हणतो, ‘गो.’ प्रयोग चालू असताना हा ‘गो’ हेडफोनवर दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी उच्चारायचा नाही, ही शिस्त पहिल्याच आठवड्यात अंगी बाणवली जाते. चुकून बोललेल्या एका ‘गो’ने भर संवादात अंधार होऊ शकतो.

वहीच्या जोडीला बाकीची कामं येतात. तालमीच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी नेपथ्याचा पूर्ण मापाचा नकाशा काढणं, प्रॉपर्टीच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची जागा आखून तिचं नाव लिहिणं, रोजच्या तालमीचा आणि प्रत्येक प्रयोगाचा अहवाल लिहिणं. अंक किती मिनिटं चालला, कोण उशिरा आलं, कुठला दरवाजा अडकला, हे सगळं त्यात येतं. नाटक उभं राहिलं की दिग्दर्शक पुढच्या कामाला लागतो. त्याने बसवलेलं नाटक पन्नासाव्या प्रयोगातही तसंच राहावं, ही जबाबदारी मग या माणसावर असते.

अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत रंगमंच व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. २०२१मध्ये डेव्हिड गेफन यांनी या शाळेला १५ कोटी डॉलरची देणगी दिली, आणि तेव्हापासून तिथे शिक्षणशुल्क घेतलं जात नाही. कोलंबिया आणि सॅन दिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ इथेही ही पदवी मिळते. तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवर नट आणि रंगमंच व्यवस्थापक एकाच संघटनेचे सभासद असतात. यावरून या कामाची पत कळते.

आपल्याकडे व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून ज्याचं नाव छापलं जातं, तो बहुधा तारखा, थिएटर, बस आणि हिशोब सांभाळतो. विंगेतलं काम सहायक दिग्दर्शक आणि बॅकस्टेजची माणसं वाटून घेतात. वर्षानुवर्षं त्यांनी ते जिवापाड केलंय. पण लिहून ठेवलेलं फार थोडं आहे. जाणता माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर नाटकाचे क्यूसुद्धा जातात. मराठी रंगभूमीचं हे मोठं नुकसान आहे, आणि प्रशिक्षित माणसं आल्याशिवाय ते थांबणार नाही.

मग शिकायचं कुठे? दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ सालची. पुण्यात जन्मलेले आणि लंडनच्या राडा संस्थेत शिकलेले इब्राहिम अल्काझी १९६२मध्ये तिचे संचालक झाले. नट होऊ पाहणाऱ्यालाही सुतारकाम, प्रकाश आणि साफसफाई यांतून जावं लागेल, ही शिस्त त्यांनी लावली. तीन वर्षांच्या या अभ्यासक्रमात नाट्यतंत्र आणि आरेखन हा विशेष विषय घेता येतो. प्रवेशासाठी कुठल्याही शाखेची पदवी आणि नाट्यप्रयोगांतला प्रत्यक्ष सहभाग लागतो. बॅकस्टेजचं काम हाही सहभागच, हे अर्ज भरताना विसरू नका. निवड झालेल्यांना शिष्यवृत्ती असते.

महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी, पुण्याचं ललित कला केंद्र आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग ही मुख्य ठिकाणं आहेत. इथे पदवी नाट्यकलेची मिळते आणि व्यवस्थापन हा त्यातला एक भाग असतो. म्हणून माझा सल्ला असा, की प्रवेश घेतल्यावर विभागाच्या प्रत्येक निर्मितीत व्यवस्थापकाची जागा मागून घ्या. अभिनयासाठी रांग असते, या जागेसाठी नसते. नंदुरबारकरांना बडोदंही जवळ आहे. सुरतेपर्यंत थेट रेल्वे आहे, तिथून पुढे बडोदं, आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात नाट्यविभाग आहे. सीमेवरच्या गावांतून गुजराती कानावर असलेल्यांना तिथे भाषेची अडचण कमी येईल.

आता नंदुरबार जिल्ह्याकडे येतो. २०११च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. नाट्यशिक्षण म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांचं, हा समज इथे खोल रुजलाय आणि तो काढून टाकला पाहिजे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी पाहा. ती नाटक नाही, श्रद्धा आहे, याचं भान ठेवून बोलतो. उंच बांबू आणला जातो, खड्डा हत्यार न लावता हाताने खोदला जातो, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरं बांधलेले जथे डोंगरांतून येऊन रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. हजारोंचा जमाव असतो, तरी कोणी काय आणायचं, कोणते नियम पाळायचे, कोणी कधी पुढे यायचं, हे ज्याचं त्याला माहीत असतं. गावोगावच्या सोंगाड्या पार्ट्या रात्र रात्र खेळ करतात, वाद्यं, पोशाख आणि दिवे स्वतः वाहून नेतात. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाचा तंबू कसा उभा राहतो आणि पहाटे कसा उतरतो, हे इथल्या पोरांनी लहानपणापासून पाहिलंय. वेळेचं आणि माणसांचं हे भान शहरातल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवावं लागतं.

कमतरता आहे ती लेखी शिस्तीची आणि सरावाच्या जागेची. नंदुरबार शहरात छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर आहे. संमेलनं आणि सत्कार तिथे होतातच. त्याच रंगमंचावर वर्षातून काही दिवस तरुणांना प्रकाश, ध्वनी आणि पडदा हाताळायला मिळाले, तर खर्च फारसा येणार नाही. जिल्हा ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने रंगमंच व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम नंदुरबारात सुरू करावा, अशी माझी मागणी आहे. सोंगाड्या पार्ट्यांतल्या जाणत्यांना तिथे शिकवायला बोलवावं, मानधन देऊन आणि सन्मानाने.

तोवर थांबायचं कारण नाही. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, तर यंदाच्या गॅदरिंगमधल्या एखाद्या एकांकिकेची वही तुम्ही धरा. क्यू लिहा, प्रयोगानंतर अहवाल लिहा, चुकलेलं तसंच राहू द्या. राज्य नाट्यस्पर्धेत उतरणारा जवळचा संघ शोधा आणि विंगेतलं काम मागा. अशा दोन-तीन वह्या जमल्या की प्रवेशाच्या मुलाखतीला त्या बरोबर न्या. तुमचं काम तपासायला मुलाखत घेणाऱ्यांना त्याहून चांगला पुरावा लागत नाही.