जम्मूतला सायरन, गोराईतला कॉल

बोरिवली लोकलच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू आला नसेल, तर हा घ्या लेखी.

मे २०२५. मी गोराईत घरून काम करत होतो. टीममधला एक जण जम्मूत. ८ मेच्या रात्री तिथे सायरन वाजले, ब्लॅकआउट झाला. सकाळच्या कॉलवर मी नेहमीसारखं विचारलं, "कोड कधी देतोस?" तो म्हणाला, रात्रभर घरात कोणी झोपलेलं नाही. लाज वाटली मला.

मग आम्ही ३ गोष्टी ठरवल्या. सकाळी त्याने फक्त 'ठीक आहे' एवढा मेसेज टाकायचा. डेडलाइनचं काम आम्ही वाटून घ्यायचं. आणि त्याला हवं असेल तरच, तासाभरात संपेल असं छोटं काम द्यायचं.

सगळंच काम का नाही काढून घेतलं? कारण आपल्या हातात काहीच नाही, ही भावना माणसाला जास्त थकवते. छोटं काम पूर्ण झालं की थोडा धीर येतो. फक्त निवड त्याची हवी.

'घाबरू नकोस' म्हणून भीती जात नाही. 'तुला काय लागेल?' असं विचारा.

१० मेला शस्त्रसंधी झाली. आम्ही त्याची मोकळीक मात्र आणखी आठवडाभर चालू ठेवली. सायरन थांबला म्हणून झोप लगेच परत येत नाही ना!