पटावरील पुराण : चेरियाल चित्रपरंपरा आणि सोलापूरचा पद्मशाली समाज

प्रस्तावना

सोलापूर हे विणकरांचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी स्थापन झाली. गिरणी आणि हातमाग यांच्या आधारे तेलंगणातून आलेला तेलुगू भाषिक पद्मशाली समाज शहराच्या पूर्व भागात स्थिरावला. नारळी पौर्णिमेस निघणारा श्री मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव हे या समाजाच्या श्रद्धेचे दृश्य रूप होय. मात्र ज्या कापडाने या समाजाला ओळख दिली, त्याच कापडावर त्याचे पुराण चित्रित करणारी एक परंपरा तेलंगणातील चेरियाल या गावी आजही टिकून आहे, ही बाब आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. प्रस्तुत लेखात या परंपरेचे स्वरूप व तिच्यापुढील प्रश्न यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

पटाचे स्वरूप व निर्मिती

चेरियाल हे गाव पूर्वी वरंगळ जिल्ह्यात होते. २०१६ च्या जिल्हा पुनर्रचनेनंतर ते सिद्दिपेट जिल्ह्यात आले. हे पट रंगविणाऱ्या कारागिरांना ‘नकाशी’ असे म्हणतात. त्यांच्यापैकी दानालकोटा वैकुंठम् हे राष्ट्रीय पुरस्काराने सन्मानित चित्रकार होत.

पटासाठी खादीचे कापड घेतले जाते. तांदळाची पेज, पांढरी माती, चिंचोक्याची खळ आणि डिंकाचे पाणी यांचे मिश्रण करून त्याचे थर कापडावर चढवितात. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिला जात नाही. कापड ताठ व गुळगुळीत झाल्यावर खारीच्या केसांच्या कुंचल्याने थेट रेखाटन केले जाते. लाल पार्श्वभूमी हे या शैलीचे ठळक लक्षण आहे. पट साधारणतः तीन फूट रुंद असून त्याची लांबी चाळीस-पन्नास फुटांपर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक असते. प्रसंगांचे आडवे पट्टे एकाखाली एक मांडलेले असतात व वेलबुट्टीची किनार त्यांना विभागते. कथा पुढे सरकते तसतसा पट उलगडत जातो.

पट, कथेकरी आणि समाज

हा पट घराच्या भिंतीसाठी नसून कथनासाठी होता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. तेलंगणात प्रत्येक समाजाचे स्वतःचे पुराण व ते सांगणारे परंपरागत कथेकरी होते. मादिगा समाजासाठी डक्कली हे जांबपुराण सांगत, तर पद्मशाली समाजासाठी कूनपुली हे मार्कंडेय पुराण सांगत. मृकंडू ऋषींच्या अल्पायुषी पुत्राला शिवाने यमपाशातून सोडविले. पुढे मार्कंडेयांच्या यज्ञातून भावनाऋषी प्रकटले आणि त्यांनी कमळाच्या तंतूंपासून वस्त्र विणले, अशी ही कथा आहे. विणकराच्या श्रमाला दैवी उगम देणारी ही कथा विणलेल्या कापडावरच चितारली जावी, यात एक स्वाभाविक औचित्य आहे.

पट करून घेणारा कथेकरी, तो रंगविणारा नकाशी आणि कथेकऱ्याचे पोषण करणारा समाज अशा तीन घटकांवर ही व्यवस्था उभी होती. पट जीर्ण झाल्यास तो टाकून न देता नदीत विसर्जित करण्याची प्रथा होती. त्यावरून त्याचे पावित्र्य लक्षात येते.

महाराष्ट्रातील साधर्म्य

चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत आपल्याकडेही जुनीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत आजही चित्रकथी सादर करतात. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. फरक इतकाच की, पिंगुळीची चित्रे कागदावर असतात व एकेक चित्र क्रमाने समोर धरले जाते. चेरियालचा पट अखंड असतो.

आजची स्थिती

चित्रपट, दूरदर्शन आणि विणकरांचे शहरांकडे झालेले स्थलांतर यांमुळे कथेकऱ्यांचा आश्रय आटला. परिणामी नकाशींनी आपली दिशा बदलली. आता लहान चौकटीतील चित्रे, मुखवटे व शोभेच्या वस्तू यांना बाजार मिळतो. चेरियाल चित्रांना भौगोलिक निर्देशांकही प्राप्त झाला आहे. यामुळे कलावंतांची चूल पेटती राहिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु चौकटीत बसविलेल्या एका प्रसंगाला आधी व नंतर काय घडले, हे सांगणारा कोणी उरत नाही. चित्र वाचते, कथन लोपते. निर्देशांक वस्तूच्या नावाचे रक्षण करतो. कथेकऱ्याच्या आवाजाचे रक्षण त्याच्या कक्षेत येत नाही.

समारोप

चेरियाल परंपरेचे जतन म्हणजे केवळ चित्रांची विक्री वाढविणे नव्हे. ज्यांचे पुराण त्या पटावर आहे, त्या समाजाने पुन्हा श्रोता होणे हा त्याचा दुसरा भाग आहे. या दृष्टीने सोलापूरला विशेष स्थान आहे. येथे श्रद्धा जिवंत आहे, उत्सव आहे आणि तेलुगू समजणारी ज्येष्ठ पिढीही आहे. महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी या ज्येष्ठांच्या मौखिक आठवणींचे ध्वनिमुद्रण करावे आणि रथोत्सवाच्या निमित्ताने नकाशी व कथेकरी यांना एकत्र पाचारण करावे. ज्येष्ठांची ही पिढी हयात आहे तोवरच हे शक्य आहे. पट पुन्हा रंगविता येतो. विसरलेली कथा मात्र पुन्हा विणता येत नाही.